कोणी "तू हुशार आहेस" म्हटलं की तुम्ही काय उत्तर देता?

चिंचगूळ

हा धागा मुख्यतः बायकांसाठी काढते आहे. पुरुषांनी लिहू नये असं काही नाही. (लिहिणारच आहात.)

शीर्षकातला प्रश्न स्वतःलाच विचारला तेव्हा माझी आजवरची उत्तरं आठवली. दहावीला: "पाठांतर चांगलं होतं." विद्यापीठात स्टॅटिस्टिक्सला पहिली आले तेव्हा: "वर्गात होतेच किती जण." नोकरीत: "अहो, सगळ्या टीमनं केलंय." 'हो, आहे' असं एकदाही तोंडातून निघालेलं नाही. नुसती बोलायची रीत म्हणून हे असतं तर धागा काढला नसता. मला ते मनापासून खरं वाटायचं.

निमित्त लेकीचं झालं. ती चौथीत आहे. ज्ञान प्रबोधिनी या शाळेची प्रवेश परीक्षा द्यायची म्हणून घरात बुद्धिमापन, बुद्ध्यंक वगैरे शब्द फिरायला लागले. जेवताना विषय निघाला, ही कोणावर गेली? नवरा म्हणाला, "आईवर, अजून कोणावर." मी लगेच, "छे, बाबांवर." लेक म्हणाली, "तू कशावरून म्हणतेस?" मला उत्तर सुचेना. पुढे एका मैत्रिणीनं सोबत म्हणून मेन्सा या बुद्धिमानांच्या संस्थेच्या चाचणीला नेलं. वरच्या दोन टक्क्यांत बसणाऱ्यांनाच ते घेतात. मी बसले. निकाल बघून आनंद व्हायच्या ऐवजी चोरी पकडल्यासारखं झालं. कागद वीजबिलांच्या फायलीत टाकून दिला.

आता मुख्य गोष्ट. आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला चालली आहे. (कोथरूडात कोणाची नाही?) बिल्डरचा प्रस्ताव आला, आहे त्या कार्पेट क्षेत्रफळावर २५ टक्के जादा. सगळे खूश. मी रात्री मसुदा वाचत बसले. जुन्या फ्लॅटचं क्षेत्रफळ आतल्या भिंती वगळून काढलेलं, म्हणजे खोल्याखोल्यांची निव्वळ फरशी. नवं देऊ केलेलं ते रेरा या घरबांधणी कायद्यातलं कार्पेट, आणि रेराच्या व्याख्येत आतल्या पार्टिशनच्या भिंती धरतात. म्हणजे जादा म्हणून जे पदरात पडणार त्यातला एक हिस्सा विटांचा. मी नकाशा काढला, भिंतींची लांबी मोजली, जाडी धरली, बिल्डिंगमधल्या सगळ्या प्रकारच्या फ्लॅटचं कोष्टक केलं. खरी वाढ जेमतेम २० टक्क्यांवर येत होती.

सभेला ते कोष्टक माझ्या पर्समध्ये होतं. मी चिठ्ठी लिहून नवऱ्याकडे सरकवली. तो उठून बोलला. हॉल गप्प, मग टाळ्या. त्यानं लगेच सांगितलंही, "हे हिनं काढलंय." त्यावर मी काय म्हणावं? "अहो, नेटवर सगळं असतं." कमिटीत त्याला घेतलं.

नवऱ्याचा यात काडीचा दोष नाही, घरी आल्यावर तो माझ्यावर वैतागलाच. साबाही (सासूबाई) खमक्या आहेत, त्यांनी मला कधी गप्प बसवलेलं नाही. म्हणूनच कोडं पडलंय. बाहेरून कोणी दाबत नसताना आपण हे का करतो? तुम्हीही करता का? यातून कोणी बाहेर आलं असेल तर कसं?

कढीपत्ता

अगं बाई! साडी छान म्हटलं की "जुनीच आहे, सेलमधली." प्रमोशन मिळालं म्हटलं की त्याच सुरात "रिकामी जागा होती म्हणून मिळालं." गेल्या अप्रेझलच्या फॉर्ममध्ये मी "सहकार्य केले" असं लिहिलंय. काम एकटीनं केलं होतं. वाचनखूण साठवली आहे, सावकाश लिहिते.

नाना_फडताळे

विद्या विनयेन शोभते. पुण्यात हुशार नसलेला माणूस मला अजून भेटायचा आहे, त्यामुळे कोणी थोडीफार लपवत असेल तर शहरावर उपकारच. दोन टक्क्यांत आलात, अभिनंदन. म्हणजे पुणे-पिंपरीत तुमच्यासारखे लाखभर तरी निघतील. त्याचं एवढं काय मान्य करायचं? हलकेच घ्या.

चिंचगूळ

नाना, हलकेच घेतलं. पण न मिरवणं वेगळं आणि कोणी विचारल्यावर धडधडीत नाही म्हणणं वेगळं. मी दुसरं करत होते. आणि लाखभर असतील तर त्यातल्या निम्म्या बायका असणार. त्या सभेत बोलताना का दिसत नाहीत, एवढंच विचारतेय.

मनकवडी

समुपदेशन हेच काम असल्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

१९७८ साली पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांबरोबरच्या कामावरून एक निबंध लिहिला. पदव्या, पदं, मान सगळं असलेल्या या बायकांना आतून वाटत होतं की आपण लोकांना फसवतोय आणि एक दिवस उघडे पडणार. त्यांनी याला 'इम्पोस्टर फिनॉमेनन' म्हटलं. पुढे लोकांनी त्याचं 'सिंड्रोम' करून टाकलं, जणू गोळी घेतली की बरा होणारा आजार. पुरुषांतही हे आढळतं हे नंतर लक्षात आलं, तेव्हा नानांनी निश्चिंत राहू नये.

मला त्यातला घरांबद्दलचा भाग फार पटतो. त्यांना साधारण दोन तऱ्हेची घरं दिसली. एका घरात हुशार म्हणून भाऊ नाहीतर बहीण आधीच ठरून गेलेली असते आणि ही 'समजूतदार', 'सगळ्यांशी जुळवून घेणारी'. मग तिनं कितीही मार्क आणले तरी घरातली वाटणी काही बदलत नाही. दुसऱ्या घरात उलटं. हिला सगळं येतं, अभ्यास न करता येतं, असं कौतुक. मग आयुष्यात पहिल्यांदा घाम गाळावा लागला की मुलगी स्वतःशी म्हणते, म्हणजे मी हुशार नव्हतेच तर. माझ्याकडे बारावीनंतर येणाऱ्या मुलींमध्ये ही दुसरी तऱ्हा भरपूर. इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरला गणितात दणका बसतो, आणि ती कॉलेज बदलायचं म्हणून आईबाबांना घेऊन येते.

लेकीसाठी आणखी एक. २०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिन बियान, सारा-जेन लेस्ली आणि आंद्रेई सिंपियन यांचा अभ्यास आला होता. मुलं अमेरिकेतली होती, हे ध्यानात ठेवून वाचा. 'खूप खूप हुशार' माणूस कोण, असं विचारलं तर पाच वर्षांच्या मुली बाईकडे बोट दाखवतात आणि मुलगे पुरुषाकडे. सहा-सात वर्षांच्या झाल्या की मुलींचं ते बोट ढळायला लागतं. गंमत म्हणजे शाळेत चांगले मार्क कोणाला मिळतात विचारलं तर त्याच मुली मुलींचं नाव घेतात. मग त्यांना एक खेळ दाखवला. हा खूप हुशार मुलांचा खेळ आहे म्हटलं की मुलींचा उत्साह मुलांपेक्षा कमी. खूप मेहनती मुलांचा आहे म्हटलं की फरक राहत नाही. चिंचगूळ, तुमचं "पाठांतर चांगलं होतं" मला इथे आठवलं. मेहनतीचं श्रेय घ्यायला आपल्याला लाज वाटत नाही.

जुनी_सायकल

मनकवडी, उत्तम प्रतिसाद. मी जरा आणखी मागे जातो.

बुद्धिमान मुलांचा अभ्यास ज्यांनी सुरू केला त्यांच्यात लेटा हॉलिंगवर्थ हे नाव पहिल्या फळीतलं. बाई नेब्रास्कात शिक्षिका होत्या. १९०८ मध्ये लग्न करून न्यूयॉर्कला आल्या तर तिथे विवाहित बाईला सरकारी शाळेत शिकवायला बंदी. बसल्या घरी. मग पुन्हा शिकायला लागल्या आणि पीएच.डी.ला विषय काय घेतला? मासिक पाळीच्या दिवसांत बायकांची बुद्धी आणि कामातली सफाई मंदावते हा तेव्हाचा भलताच 'शास्त्रीय' समज. त्यांनी चाचण्या घेतल्या आणि १९१४ मध्ये दाखवून दिलं की तसं काही होत नाही. बायकांमध्ये नामवंत कमी का, याचं उत्तरही त्यांनी मेंदूत शोधलं नाही, घरकाम आणि मुलांच्या संगोपनात शोधलं. या धाग्यावर पाळीचा विषय काढल्याबद्दल कोणाला आक्षेप असेल तर असो.

आपल्याकडे जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी. मुंबई विद्यापीठातून पहिल्या येऊन १९३३ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला अर्ज केला, तर साक्षात सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नकार दिला. त्या गेल्या आणि ठाण मांडून बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला तो पहिलं वर्ष तात्पुरता, वर अटी. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. आणि आपल्या गावात इरावती कर्वे. डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्र, आणि ज्या काळात बाई सायकलवर दिसली तरी लोक वळून बघायचे त्या काळात स्कूटर. "सहज जमलं हो" म्हणायला यांना फुरसत तरी होती का?

अजून_एक_आयडी

जुनी_सायकल, राग मानू नका, पण मला या उदाहरणांचीच धास्ती वाटते. शाळेत सावित्रीबाई, पंडिता रमाबाई, आनंदीबाई अशा तसबिरी ओळीनं होत्या. आनंदीबाई १८८६ मध्ये अमेरिकेतून डॉक्टर झाल्या आणि वयाची बावीस वर्षं पुरी व्हायच्या आत इथे पुण्यात गेल्या. मी सव्वीसची आहे आणि हिंजवडीत आयटी कंपनीत बसून तक्रारींची तिकिटं क्लोज करते. आनंदीबाई हुशार, मग मी कोण? शाळेत मला प्रेरणा मिळावी म्हणून तसबिरी लावल्या होत्या, मला त्यातून एवढंच कळलं की हुशार असणं म्हणजे काहीतरी अचाट करणं. ते केलेलं नाही, सबब मी हुशार नाही.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. मला कोणी हुशार म्हणत नाही, 'अतिविचार करते' म्हणतात. मीटिंगमध्ये एखादा निर्णय पुढे कुठे जाऊन अडकणार हे मला आधी दिसतं. सांगितलं की "रिलॅक्स", "तू फार लांबचा विचार करतेस." तीन महिन्यांनी तिथेच अडकतं तेव्हा मी काय सांगितलं होतं ते कोणाला आठवत नाही. घरी लहानपणापासून "किती प्रश्न!" गाण्याच्या क्लासला तंबोरा किंचित उतरलेला असला तरी मला बसवत नाही. नेटवर वाचलं की बुद्धिमान माणसांच्या जाणिवा अशा तीव्र असतात, कोणी पोलिश मानसशास्त्रज्ञ आहेत. हे खरं का?

मनकवडी

काझिमिएझ डाब्रोव्स्की. त्यांनी अशा तीव्रतेचे पाच प्रकार सांगितले: शारीरिक ऊर्जेची, इंद्रियांची, बुद्धीची, कल्पनेची आणि भावनेची. बुद्धिमान मुलांसोबत काम करणाऱ्या लोकांना ही मांडणी फार प्रिय आहे, कारण ती ओळखीची वाटते. पण संशोधनातला तिचा आधार त्या मानानं कच्चा आहे. तंबोरा उतरलेला कळणारा प्रत्येक जण असामान्य बुद्धीचा नसतो आणि असामान्य बुद्धीची माणसं ढिम्मही असतात. स्वतःला समजून घ्यायला वापरा, प्रमाणपत्र म्हणून नको.

मीटिंगचं मात्र करता येण्यासारखं आहे. पुढच्या वेळी इमेलवर लिहून ठेवा, तारखेसकट. अडकलं की तोच इमेल पुन्हा पाठवायचा, वर एक ओळही न लिहिता.

नाना_फडताळे

तसबिरी आल्याच आहेत तर १८८४ मध्ये हुजूरपागेची शाळा निघाली तेव्हा तिथल्या अभ्यासक्रमावर केसरीनं काय काय लिहिलं होतं तेही होऊन जाऊ दे.

संपादक

नाना, त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे टिळक-आगरकर नकोत.

भोसरीकर

मी एरवी वाचनमात्र असते. आज लिहिते.

तुमचं सगळ्यांचं खरं आहे, पण ज्यांना लहानपणी कोणीतरी हुशार म्हटलं त्यांचीच ही चर्चा चालली आहे. आमच्याकडे म्हणायला कोणी नव्हतं. बार्शीकडचं गाव, वडील अडत्याकडे हमाल. मुलगी पास होते एवढंच घरी माहीत. डिप्लोमा केला आणि आता भोसरी एमआयडीसीत क्वालिटीला आहे.

माझं काम सांगते. मशीनवर जॉबचा बोअर, म्हणजे आतलं भोक, फिनिश होतो. ठरावीक जॉब झाले की एक उचलायचा, बोअर गेजनी माप घ्यायचं, चार्टवर ठिपका मारायचा. ठिपके दोन लाल रेघांच्या आत असले की सगळे निवांत. मला ते रेघेच्या आत असतानाच खाली सरकताना दिसतात. इन्सर्ट (कापणारं पातं) झिजायला लागला की बोअर एकेका मायक्रॉननं बारीक होत जातो, मध्ये एखादा ठिपका वर उडतो आणि लोक त्यालाच फसतात. मी त्या उडलेल्या ठिपक्याकडे बघतच नाही. अजून दहा-पंधरा जॉब निघतील, मग रिजेक्शन, हे मी आधी सांगते. सुरुवातीला ऑपरेटर वैतागायचे, चालू मशीन कशाला थांबवता म्हणून. आता येऊन विचारतात, "मॅडम, किती काढू?"

यावर साहेब काय म्हणतात? "हिचा हात बसलाय." "हिची नजर चांगली आहे." शेजारच्या टेबलावरचा इंजिनिअर हेच लॅपटॉपवर आलेख काढून दुपारनंतर सांगतो, तो 'अ‍ॅनालिटिकल'. माझी हुशारी हातात, डोळ्यात, कानात. डोक्यात असल्याचं कोणी म्हणत नाही. माझी आई मार्केट यार्डात भाजी घेताना पाच जिनसांचा हिशोब दुकानदाराच्या आधी करते, तिलाही 'व्यवहाराला पक्की' एवढंच म्हणतात.

मागच्या ऑडिटला कस्टमरच्या माणसानं एका जुन्या चार्टवर बोट ठेवून विचारलं, हे कोणी पकडलं? साहेबांनी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "मी. आकडे कुठे चाललेत ते मला लवकर दिसतं." एवढंच वाक्य. नंतर काही दिवस शिफ्टमधले काही जण तुटक वागले, चहाला हाक मारेनात. मग सगळं पूर्ववत. पगारवाढीच्या वेळी मात्र तेच वाक्य मी पुन्हा म्हटलं, आणि तेव्हा ते साहेबांना आधीपासून माहीत होतं.

चिंचगूळ ताई, तुम्हाला चिठ्ठी सरकवायला नवरा तरी होता. मला कोणीच नव्हतं म्हणून बोलावं लागलं.

कढीपत्ता

भोसरीकर __/\__

हा प्रतिसाद मी माझ्या टीममधल्या दोघींना पाठवला. वाचनमात्र राहू नका हो.

गच्चीवरचा

पुरुष आहे, भीतभीत लिहितो. माझी बायको माझ्यापेक्षा हुशार आहे हे मी चारचौघांत मोठ्यानं सांगतो आणि लोक वा वा करतात. पण वा वा कोणाची होते? माझी. किती मोठ्या मनाचा नवरा! तिच्या वाट्याला "नशीबवान आहेस गं" येतं. हे तिनंच एकदा दाखवून दिलं, वैशालीत बसून, डोसा यायच्या आत. तेव्हापासून मी सांगायचं बंद केलं. तिच्या क्षेत्रातला प्रश्न आला की "मला माहीत नाही, तिला विचारा" म्हणतो आणि मग खरंच गप्प बसतो. दुसरा भाग अवघड आहे.

चिंचगूळ

काय एकेक प्रतिसाद आलेत. भोसरीकर, तुमचं शेवटचं वाक्य लागलं आणि बरं झालं लागलं.

ताजी खबर. रविवारच्या सभेत मीच उभी राहिले. आवाज कापत होता. बिल्डरतर्फे आलेले आर्किटेक्ट म्हणाले, "वहिनी, हे जरा टेक्निकल आहे, मी साहेबांना नंतर समजावतो." मी म्हटलं, "कोष्टक माझं आहे, मलाच समजवा." मग दोन्ही क्षेत्रफळं एकाच पद्धतीनं मोजून नवा मसुदा द्यायचं त्यांनी कबूल केलं. इतकं छान चाललं होतं. सभा संपली आणि चेअरमन काका कौतुकानं म्हणाले, "तुम्ही एवढ्या हुशार, आता सभेचं इतिवृत्त तुम्हीच लिहीत जा."

मी हो म्हणून बसले.

कढीपत्ता

नाहीऽऽऽ!

गच्चीवरचा

इतिवृत्त परत करा. बँक गॅरंटी, भाडं आणि कॉर्पसच्या (बिल्डर देतो त्या एकरकमी निधीच्या) अटींची तुलना तुम्हाला द्या म्हणावं, ती नीट करायला तिथे दुसरं कोणी नसणार. इतिवृत्त कोणीही लिहितं. आमच्याकडे मी लिहितो.

पाटी_पेन्सिल

मी सत्तरी ओलांडली आहे, टंकायला वेळ लागतो, चुका पोटात घाला.

चिंचगूळ विचारते, बाहेरून कोणी दाबत नसताना आपण हे का करतो. मला जे वाटतं ते सांगते. 'मी काही हुशार नाही' म्हटलं की पुढचे प्रश्न येत नाहीत. मी गणितात एम.एस्सी. केलं, पीएच.डी.ला नाव घातलं, मग लग्न, यांच्या बदल्या, मुलं. सोडलं. सोड असं मलाही कोणी सांगितलं नव्हतं. पुढे जन्मभर आठवी-नववीच्या शिकवण्या घेतल्या. बुद्धी बेताची होती असं मानलं की हे सगळं ठीक बसतं. बुद्धी होती असं मानलं की विचारावं लागतं, मग झालं काय? मुलं मोठी झाल्यावर वही का नाही उघडली? यांनी तर टेबलसुद्धा करून दिलं होतं. त्या प्रश्नांपेक्षा 'छे हो, मला कुठलं येतंय' सोपं पडतं.

साठी उलटल्यावर माळा आवरताना जुनी टिपणं सापडली. वाचली. चांगली होती. माझ्या गाइडनी समासात तसं लिहिलंही होतं आणि मी ते तेव्हा वाचून विसरले होते. त्या दिवशी खूप रडले, हे घाबरून जाऊ लागले. रडून झालं तेव्हा राग राहिला, तो अजून थोडा आहे. तो गेला पाहिजे असं मला वाटत नाही. पण दुपारी जेवणं आटोपली की आता मी गणितं सोडवते. कोणाला शिकवायला नाही, कोणाला दाखवायला नाही.

मनकवडी

आजी, नमस्कार. तुम्ही लिहिलंत त्याच्या आसपासचा एक आकडा देते. स्टॅनफर्डच्या लुइस टर्मन यांनी १९२१ मध्ये बुद्धिमान मुलांचा मोठा अभ्यास सुरू केला, एकूण १५२८ मुलं, त्यांत ६७२ मुली. त्या मुली मोठ्या झाल्यावर त्यांच्यातल्या निम्म्याच्या आसपास गृहिणी होत्या. हे लिहिताना पूर्वी मी 'वाया गेलेली बुद्धी' असा शब्दप्रयोग करायचे. एका बाईंनी मला विचारलं, वाया म्हणजे कोणाच्या दृष्टीनं? तेव्हापासून करत नाही. पण तुमच्या रागाला जागा ठेवते.

अजून_एक_आयडी

आजी, तुम्ही काय सोडवता ते सांगाल का? मला कळणार नाही कदाचित, तरी.

पाटी_पेन्सिल

कळेल. 'कळणार नाही' हे आधीच कशाला म्हणतेस?

भास्कराचार्यांच्या बीजगणितातलं आहे, ११५० सालचं. अशी पूर्ण संख्या क्ष शोधायची, की तिच्या वर्गाला ६१ नं गुणून १ मिळवला की बरोबर दुसऱ्या संख्येचा, य चा, वर्ग यावा. क्ष शून्य धरायचा नाही, नाना, तुम्हालाच सांगतेय. फ्रेंच गणितज्ञ फर्मानं १६५७ मध्ये हेच ६१ युरोपातल्या गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून टाकलं होतं, आणि इथे त्याच्या पाचशे वर्षं आधी चक्रवाल पद्धतीनं ते सुटलेलं होतं. हातानं करायला मजा येते. प्रत्येक पायरीला एक आकडा असा निवडायचा की भागाकार नि:शेष जाईल आणि बाकी उरणारा आकडा लहान राहील. कॅलेंडरच्या पाठीमागे मावतं. जमलं तर आधी ६७ चं करा, ते भास्कराचार्यांनीच दिलेलं आहे आणि पुष्कळ आटोपशीर आहे.

दामले पथावर भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये सुरू केलेलं. पूर्वी तिथे शाळेतल्या मुलांना सोडायला जायचे, बाहेर बसून राहायचे. आता स्वतःसाठी जाऊन विचारणार आहे, या वयाच्या बाईला व्याख्यानाला बसू देतात का.

नाना_फडताळे

६१ घेतलं आहे. क्ष एकपासून लावत निघालो, दोनशेपर्यंत आलो. अजून काही वर्ग येत नाही.

पाटी_पेन्सिल

नाना, तसं लावत बसलात तर साडेबावीस कोटींच्या पुढे जावं लागेल. चहा मागवून ठेवा.

कढीपत्ता

मेले हसून.

चिंचगूळ

इतिवृत्त परत केलं. काका जरा घुश्शात आहेत. भाडं आणि बँक गॅरंटीची तुलना माझ्याकडे आली आहे, तीन बिल्डरांच्या मसुद्यांची थप्पी डायनिंग टेबलवर आहे, तेव्हा काही दिवस इथे फारशी दिसणार नाही. लेक ६१ घेऊन बसली आहे, नानांच्याच पद्धतीनं.

भोसरीकर

चक्रवाल नेटवर वाचलं, कंपनीच्या बसमध्ये वहीवर केलं. ६७ साठी क्ष ५९६७ आणि य ४८८४२ येतंय. दोनदा ताळा केला. बरोबर का, आजी?

पाटी_पेन्सिल

उत्तर बरोबर. पायऱ्या टाका.